शेरा

रजिस्टरमध्ये पाच रकाने:
कुत्र्याचं नाव, नेणाऱ्याचं नाव,
गेल्याची वेळ, आल्याची वेळ, शेरा.
पाचवा सगळ्यांत अरुंद.

बुधवार. माझी साप्ताहिक सुट्टी.
धुळे–साक्री गाडीत आज दुसरं कुणी घंटी मारेल.
भटू आण्णाने कुलूप काढलं, म्हणाला,
मॅडम, आज कळणीला न्या,
दोन वर्षं झाली, हिने फाटक आतूनच पाहिलंय.

कळणी. रंग तसाच, कळण्याच्या भाकरीचा,
तव्यावर जरा जास्त राहिलेल्या.
आग्रा रोडवर सापडली तेव्हाच
मागचा डावा पाय गेलेला.
आता तीन पायांवर ती अशी चालते
जशी उभ्या प्रवाशांतून मी,
गाडी वळणावर असताना.

फाटकाशी आली आणि बसली.
मी ओढलं नाही.
पंधरा वर्षांच्या नोकरीत एवढं कळलंय,
पायरीवर अडलेल्याला ढकलायचं नसतं,
नुसतं विचारायचं, कुठं जायचंय.
विचारलं.
तिने नळाकडे पाहिलं, मग भटू आण्णाकडे,
मग रस्त्याकडे, जिथून एक शेळी चालली होती.
शेळीमागे निघाली.

पुढे प्रत्येक खांबाशी थांबली,
जसं फार दिवसांनी गावी आलेलं माणूस
पारावरच्या म्हाताऱ्यांना एकेक करून ओळखतं,
एखाद्याशी जरा जास्त वेळ बोलतं.
ट्रॅक्टर आला की माझ्या दोन पायांत शिरायची.
गेला की जणू काही झालंच नाही.

नकाण्याच्या वाटेला एका शेतात
पळाट्यांच्या जाळावर वांगी भाजत होते.
म्हाताऱ्याने विचारलं, चावस का हाई?
म्हटलं, बाबा, मी एसटीत कंडक्टर आहे,
विचारायचं तर माझ्याबद्दल विचारा.
तो खोकेपर्यंत हसला.
मग काळं पडलेलं साल फुंकून फुंकून निववलं
आणि तिच्यापुढे धरलं.
तिने ते घेतलं. लांब नेलं. पुरलं.
परत उकरलं. मग खाल्लं.
मिशांना राख.

तलावाच्या बांधावर ऊन बसण्याजोगं झालं होतं.
ती आधी एका कुशीवर,
मग हळूहळू, कुणी बघत नाही असं पाहून,
उताणी.
पिंजऱ्यात ही भिंतीला पाठ लावून झोपते,
भटू आण्णा सांगत होता.
मी हलले नाही. पायाला मुंग्या आल्या.
डेपोचा फोन आला, थरथरू दिला.
एवढा वेळ एका जागी शेवटची कधी बसले होते?
बसस्थानकावर बसते ते नाही,
ते थांबणं असतं.

परतताना तीच पुढे.
मला वाटलेलं, फाटक दिसलं की अडेल,
मागे वळून बघेल,
त्यासाठी खिशात बिस्किटाचा पुडा ठेवला होता.
तिने वेग वाढवला.
मला ते जरा लागलंच, खोटं कशाला बोलू.

तडक शेजारच्या जाळीशी गेली.
तिथे सुभेदार असतो, दोन्ही डोळ्यांनी आंधळा,
बाहेर नेला की थरथरतो, म्हणून कुणी नेत नाही.
तिने तोंड जाळीला लावलं
आणि तो हुंगत राहिला,
राख लागलेल्या मिशा, मान, कानामागचं,
पायाच्या गादीत अडकलेली तलावाची माती.
मध्येच थांबे, पुन्हा मिशांवर येई.
घाई दोघांनाही नव्हती.

भटू आण्णाने पेन पुढे केलं.
वरचे शेरे वाचले:
शांत आहे. ओढत नाही. मुलांत चालेल.
कुत्रं घरी नेऊ म्हणणारे म्हणे हेच बघतात.
मी लिहिलं, उताणी झोपली, चाळीस मिनिटं.
रकाना संपला.
शेळीचं राहिलं, सालाचं राहिलं,
सुभेदाराचं तर आत्ताच घडत होतं.
ते खालच्या ओळीत उतरवलं,
जिथे उद्याचं नाव यायचं.

भटू आण्णा काही बोलला नाही.
पट्टी घेतली
आणि उद्यासाठी आणखी खाली एक ओळ आखली.